खवलीची नणंद

अज्ञानाने उच्चारलेला शब्द घात करू शकतो, हे सर्वांना मान्य आहे. परंतु ठाऊक असूनही रागाच्या भरात गिळलेला शब्द त्याहून मोठा घात करतो, हे मान्य करायला माणसाला फार वेळ लागतो. बोलणाऱ्याचा दोष चारचौघांत उघडा पडतो. न बोलणाऱ्याचा दोष त्याच्या स्वतःच्या उरात राहतो. शिवाय अपमानित माणसाचे मौन बाहेरून सोशिकपणासारखेच दिसते, आणि लोक त्याचे कौतुकही करतात. नदीकाठच्या एका मासळीबाजारात एका सासूने शब्द उच्चारला आणि तिच्या सुनेने शब्द गिळला. दोघींचाही राग खरा होता. म्हणूनच तो कोणाला आवरता आला नाही.

ही सून नदीच्या वरच्या अंगाकडची, जिथे पात्र अरुंद, तळ दगडी आणि पाणी थंड असते. लग्न होऊन ती खाली, रुंद आणि संथ पाण्याच्या काठी आली, तेव्हापासून बाजाराने तिला ‘वरची’ हेच नाव दिले होते. सासू म्हणजे बाजाराची मोठीआई. पत्र्याच्या छपराखाली ओट्यांची रांग होती, आणि रांगेतला पहिला, नळाजवळचा ओटा तिचा. तिच्याहून जुनी विक्रेती तिथे कोणी उरली नव्हती. नवरा तराजू धरी. स्वभावानेही तो तराजूच होता: दोन्ही बाजूंना झुकायचा आणि शेवटी मधोमध येऊन गप्प उभा राहायचा.

त्या बाजाराचा एक नियम होता. जाळ्यात कधी अनोळखी मासा आला, तर त्याला नाव मिळेपर्यंत कोणी सुरी लावायची नाही. निनावी जिवाला कापणे म्हणजे परक्याच्या घरात न विचारता शिरणे, अशी तिथल्या बायकांची समजूत. नाव देण्याचा मान सर्वांत जुन्या विक्रेतीचा, आणि ती नाव देई ते नात्याने. मासा ओल्या गोणपाटावर आडवा ठेवायचा, डोके न्याहाळायचे, पाठीवरून हात फिरवायचा, शेपटी बोटांनी पसरायची, आणि ओळखीच्या ज्या माशाशी तोंडावळा जुळेल त्याच्या गोतात त्याला बसवून टाकायचे. अशा रीतीने मरळीचा दीर, वांबीची मावशी, शिंगट्याचा साडू अशी मंडळी बाजारात नांदत होती. साडू इतका काटेरी निघाला होता, की गिऱ्हाइके म्हणत, “साडूच तो, टोचल्याशिवाय राहील का?” या पद्धतीत सोयही मोठी होती. नाते ठरले की रांधण्याची रीत ठरली. मावशी वांबीसारखी शिजवायची आणि दीर मरळीसारखा. नव्या माशाला गिऱ्हाईक बिचकत नसे, कारण तो नवा उरतच नसे.

वरच्या काठी रीत याच्या अगदी उलट होती. तिथे आधी पोट, मग नाव. मासा चिरून आतली त्वचा, पित्त, आतडी पाहिल्याशिवाय त्याला हाक मारायची नाही, असे वरचीला तिच्या वडिलांनी शिकवले होते.

त्या वर्षी वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे दुरुस्तीसाठी उघडे ठेवले गेले, आणि थंड पाण्यातले मासे खाली वाहत आले. एके सकाळी मोठीआईच्या पाटीत लांबट अंगाचे, बारीक खवल्यांचे, ओठाशी आखूड मिशा असलेले मासे पडले. बाजार गोळा झाला. मोठीआईने एक मासा गोणपाटावर घेतला, नेहमीप्रमाणे डोके, पाठ आणि शेपटी पाहिली.

“नाकीडोळी खवलीच,” ती म्हणाली. “चेहरा जरा लांबट, आणि मिशा तेवढ्या फुटल्यात. खवलीची नणंद म्हणा.”

“नणंदच!” शेजारच्या ओट्यावरची झिंगेवाली खदखदली. “मिशा म्हटल्यावर दुसरं कोण असणार?”

सगळ्या हसल्या. वरची मात्र पाटीवर वाकली होती. तिला तो मासा पाहताच माहेरचे पाणी आठवले होते.

“आई, ही खवलीच्या गोतातली नाही,” ती म्हणाली. “आमच्याकडे हिला काळपोटी म्हणतात. मांस आम्ही खातो, पण गाबोळी पुरून टाकतो. कुत्र्यापुढंसुद्धा टाकत नाही. विषारी असते ती.”

खवलीची गाबोळी, तिची अंडी, म्हणजे त्या बाजाराचा जीव. माशाचे पोट अंड्यांनी भरलेले आहे ना, हे दाबून पाहिल्याखेरीज कोणी खवली नेत नसे. त्यामुळे हसणे थांबले, आणि मोठीआईच्या कपाळावर आठी उमटली.

“काळपोटी?” तिने मासा उलटा केला. पोट घासलेल्या पातेल्यासारखे लखलखत होते. “हे काळं? मग माझे केससुद्धा काळेच म्हण.”

पुन्हा हशा पिकला.

“आतून काळं असतं, आई. आतली त्वचा. सुरी द्या, दाखवते.”

“नाव पक्कं होण्याआधी सुरी?”

“मग नाव थांबवा थोडं.”

“अगं, आधी फाडायचं आणि मग विचारायचं, पाहुणे, आपण कोण? ही तुझ्या माहेरची रीत. इथं माणसासारखं वागतात.”

ओट्यांना बर्फ पुरवणारा बर्फवाला गाडीपाशी लादी फोडत होता. एका पायाने अधू आणि जिभेचा गोड असा तो गृहस्थ. तो म्हणाला, “मोठीआई, पोर एवढं सांगतेय, तर एकदा बघायला काय हरकत आहे?”

“तू बर्फ फोड. मासे आम्ही बघतो,” मोठीआई म्हणाली. मग सुनेकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे, “नाव द्यायला बाजारात हाडं झिजवावी लागतात. माझ्या ओट्यावर उभी राहून माझाच शब्द खोटा पाडतेस? वरून वाहत आलीस, तशी वाहत जाशील एखाद दिवशी.”

वरचीने नवऱ्याकडे पाहिले. तो तराजूच्या पारड्यावर नसलेला चिखल पुसत होता.

“अहो, तुम्ही तरी बोला.”

“जाऊ दे ना,” तो पुटपुटला. “नावच तर आहे.”

नावच तर आहे! या तीन शब्दांनी तिच्या मस्तकात जाळ पेटला. सासूच्या टोमण्याने जे झाले नव्हते ते नवऱ्याच्या नरमाईने झाले. आता सुरी लावायला कोणाची आडकाठी नव्हती, कारण नाव पक्के झाले होते. हात लांब करून एक मासा चिरला असता, तर सगळे तिथेच मिटले असते. पण तिचे हात पदरात घट्ट वळलेले राहिले. मरा, असे ती मनात म्हणाली. तो शब्द आपण कोणाला उद्देशून म्हणालो, हे तिने पाहिले नाही.

मोठीआईने गळा मोकळा करून नव्या नावाची हाळी दिली. पहिले गिऱ्हाईक आले ते बाजारासमोरच्या दुकानातला शिंपी. या घराचा जुना माणूस. वरचीचे झंपर तोच शिवी आणि शिलाईच्या वेळी हटकून एखादी थट्टा करी. त्याने माशाचे पोट दाबून पाहिले.

“भरलीय की! आमच्या हिला गाबोळी म्हणजे जीव की प्राण,” तो म्हणाला, आणि सहज वरचीकडे पाहून विचारले, “काय वहिनी, खवलीसारखीच लागेल ना?”

तो प्रश्न तिला विचारला गेला होता. बाजाराला नव्हे, सासूला नव्हे. उत्तर तिच्या जिभेवर होते. आणि रागाने, त्या क्षणी, तिला एक विलक्षण गोड गोष्ट सुचवली.

“मला कशाला विचारता?” ती म्हणाली. “नाव देणाऱ्यांना विचारा.”

शिंप्याने मोठीआईला विचारले. मोठीआई म्हणाली, खवलीहून सरस लागेल. मासा पानात गुंडाळून तो निघून गेला.

त्या दिवशी वरचीने घरातली सगळी भांडी आपटून घासली. सासूशी बोलली नाही, नवऱ्याला वाढताना ताट जमिनीवर सरकवले. नवरा म्हणाला, “अगं, भांड्यांनी काय केलंय तुझं?” तिने पुढचे पातेले आपटले. राग असा पोसला जात असताना त्याला एक प्रतिष्ठा येते. आपण अन्याय सोसतो आहोत, या जाणिवेत मनाला ऊब मिळते. शिंप्याच्या घरी तवा तापत असेल, हा विचार तिला एकदा शिवून गेला. तिने तो हाकलला. ऐकले असते तर, असे म्हणून हाकलला.

दुसऱ्या सकाळी शिंप्याचे दुकान उघडले नाही. तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील, तिघेही दवाखान्यात होते. झिंगेवाली त्यांच्याच आळीत राहत असे. ती धापा टाकत आली आणि ओट्यावर बसून सांगू लागली.

“काय ओकत होते गं! वडील आणि तो जरा तरी सावरलेत. बायकोचे हातपाय गार पडलेत, डोळे उघडत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? हे म्हणाले, खवलीची नणंद. डॉक्टर म्हणाले, खवलीनं आजवर कोणाला काही झालं नाही, मासा शिळा असेल. बर्फ कुठला होता, असं विचारत होते.”

आणि तिथे, जणू एखाद्याने खूण करावी तशा, साऱ्या माना बर्फाच्या गाडीकडे वळल्या.

“काल वास येतच होता त्याच्या बर्फाला,” एक म्हणाली.

“नाल्याचं पाणी गोठवतो मेला!”

मोठीआईने काही क्षण वाट पाहिली. मग तीही म्हणाली, “मी बोलणारच होते.”

कोणीतरी गाडीवरचे गोणपाट ओढले. लाद्या रस्त्यावर घसरल्या, फुटल्या, आणि धुळीत लोळून काळ्या पडल्या. बर्फवाल्याने कोणाचा हात धरला नाही. त्याने अधू पाय सावरला आणि गाडीच्या चाकाशी तो उभा राहिला. त्याने एकदाच वरचीकडे पाहिले. त्या बाजारात तिच्या बाजूने बोललेला तो एकटाच माणूस होता.

इकडे ओट्यावर नवी पाटी उतरली होती. तेच लांबट मासे, भरलेल्या पोटांचे. मोठीआई गिऱ्हाइकांना सांगत होती, “आज बर्फाचा कणसुद्धा लावलेला नाही. जाळ्यातून थेट इथं. निर्धास्त न्या.” आणि एका बाईने पिशवीचे तोंड उघडून पुढेही केले होते.

“थांबा!” वरची ओरडली.

तो आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. तिने त्या बाईची पिशवी बाजूला ढकलली, पाटीतला मासा उचलून ओट्यावर आपटला आणि सुरी हातात घेतली.

“हातातली सुरी खाली ठेव,” मोठीआई म्हणाली. “कालचं पुरलं नाही का?”

“नाही पुरलं! काल तुम्ही मला गप्प बसवलंत, आज या माणसाचा बर्फ रस्त्यावर ओतलात. उद्या कोणाला ओताल? शिंप्याची बायको तिकडं गार पडलीय, आणि तुम्ही अजून तेच नाव ओरडताय! लाज नाही वाटत?”

“अगं वरचे,” झिंगेवाली कुजबुजली, “सासू आहे ती.”

“असू दे!”

तिने सुरी शेपटीकडून गळ्यापर्यंत एकाच रेषेत नेली आणि पोट दोन्ही अंगठ्यांनी उघडले. रुपेरी कातडीच्या आत, बरगड्यांवर, काजळी धरलेल्या भिंतीसारखे काळेकुट्ट अस्तर होते. त्या काळोखात पिवळीधमक गाबोळी चकचकत होती. लोक पुढे सरकले. कोणी हसले नाही.

“बघा. काळपोटी. आता म्हणा नणंद!”

मोठीआईने पाहिले. तिचा चेहरा उतरला. पण इतक्या वर्षांचा अधिकार एका काळ्या अस्तरासाठी खाली ठेवावा, अशी ती बाई नव्हती.

“पोट काळं म्हणून विष होतं का?” ती म्हणाली. “माझ्या तव्याचं बूड काळं आहे, त्यावरच्या भाकऱ्या खाऊन तू धडधाकट आहेस.”

हे म्हणणे तर्काला धरून होते, आणि त्यामुळेच वरचीच्या संतापाची परिसीमा झाली. तिने गाबोळीचा गोळा उपसला आणि सासूच्या तोंडासमोर धरला.

“नाही ना विष? मग खा! सगळ्यांदेखत खा! लोकांना खायला घालता, स्वतः खाऊन दाखवा!”

नवऱ्याच्या हातातून वजन निसटून ओट्यावर पडले. “आई, नको,” तो म्हणाला. परंतु जागचा हलला नाही.

मोठीआईने सुनेच्या तळहातावरून गाबोळी उचलली. तिने सुनेच्या डोळ्यांत डोळे रोखले आणि हात तोंडाकडे नेला.

वरची पाहत होती. तिच्यातल्या रागाला हे हवे होते. कालपासून हवे होते. एका घासात सारे सिद्ध झाले असते. तिचे नाव खरे, सासूचे खोटे, आणि शिक्षाही ज्याची त्याला. गाबोळी ओठांशी आली. म्हातारीच्या ओठांची कड सुकलेली होती, भेगाळलेली. एवढे मात्र वरचीला अतिशय स्पष्ट दिसले.

तिने त्या हातावर फटका मारला. गाबोळी उडून खांबावर आदळली. सासूच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले.

“खाऊ नका!” ती किंचाळली, आणि मग रडू लागली. रडतानाही ती रागातच होती. “खाऊ नका म्हटलं ना! तुम्हाला काही कळत नाही का? मराल!”

मोठीआई मनगट चोळत उभी राहिली. काळे अस्तर पाहून तिला जे पटले नव्हते, ते या फटक्याने पटले. ज्या बाईला आपला सूड घेण्याची आयती संधी चालून आली होती, तिनेच ती उधळून लावली; हे ढोंग असू शकत नव्हते. भिऊनच माणूस असा फटका मारतो.

“एवढं खरं होतं,” ती अगदी हळू म्हणाली, “तर काल असा हात का नाही मारलास?”

हाच तो प्रश्न होता. वरचीने डोळे पुसले नाहीत.

“राग आला होता म्हणून,” ती म्हणाली. “शिंप्यानं मला विचारलं होतं. मला विचारलं होतं, आई. आणि मी मुद्दाम नाही सांगितलं.”

मोठीआईने पाटीवर पालथा हात ठेवला, गळा मोकळा केला आणि ज्या आवाजात ती नावे देत असे त्याच आवाजात, साऱ्या ओट्यांना ऐकू जाईल अशी हाळी दिली: “या माशाशी खवलीचं नातं नाही! माझी चूक झाली. याला कोणी हात लावू नये, कोणी विकू नये. काल ज्यांनी नेला असेल त्यांच्या घरी आत्ताच्या आत्ता जा!” त्या बाजारात दिलेले नाव परत घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. घेताना तिचा आवाज चिरकला, परंतु थांबला नाही. बायका आपापल्या आळीत धावल्या. त्यांच्यासोबत नवराही धावला. बहुधा आयुष्यात प्रथमच त्याने तराजूच्या काट्याने कौल देण्याची वाट पाहिली नव्हती.

दोघी सासूसुना चिरलेला मासा ओल्या फडक्यात घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी फडके उघडून मासा पाहिला.

“मला खवली ठाऊक होती,” ते म्हणाले. “तिची नणंद कोणी दाखवलीच नव्हती. हिचं खरं नाव काय?”

मोठीआईने सुनेकडे बोट केले. “तिला विचारा. तिनं पोटातून पाहिलीय.”

वरचीने सांगितले: नाव, खाण्याची रीत, वडिलांच्या तोंडून ऐकलेली लक्षणे, आणि त्यांच्याकडे अशा माणसाला किती काळ सांभाळावे लागते ते. डॉक्टरांनी लक्ष देऊन ऐकले, औषध बदलले, शिंप्याच्या बायकोचे सलाईन वाढवले. दुपारी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितले. शिंपी भिंतीला टेकून बसला होता. त्याने वरचीला पाहिले आणि मान फिरवली. तिचे उत्तर त्याला आठवत असावे.

परतताना मोठीआई बर्फवाल्याच्या गाडीपाशी थांबली. तो ओल्या रस्त्यावरून गोणपाटे गोळा करत होता.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “बर्फात दोष नव्हता. मी चारचौघांत सांगेन.”

“सांगा,” तो म्हणाला. “सांगायलाच हवं. पण उद्यापासून तुमच्या ओट्याला माझा बर्फ नाही.” मग त्याने वरचीकडे पाहिले. त्याची गोड जीभ आज कोरडी होती. “आणि तू. काल शिंप्याला काय म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, पोर नंतर त्याच्या घरी जाऊन सांगेल.”

ती वाकली आणि एक गोणपाट उचलू लागली. त्याने ते तिच्या हातातून काढून घेतले नाही, दिलेही नाही. दोघांनी त्याच्या दोन कडा धरल्या, पाणी पिळून काढले, आणि ते गाडीवर टाकले. मोठीआई बाजूला उभी होती. थोड्या वेळाने तिनेही दुसरे उचलले.

शिंप्याच्या घरातल्यांना पुन्हा अन्न गोड लागो. बर्फवाल्याचा राग न्यायाचा आहे; तो त्याच्या मर्जीने, त्याला हवा तेव्हाच उतरो, कोणी त्याला घाई न करो. त्या वृद्धेच्या मनगटावरचे वळ लवकर मिटोत. आणि तिच्या सुनेला, यापुढे कितीही संताप आला तरी, कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका कंठ मोकळा राहो.